माझे अठरा हजार उठले का?

सुरुवातीलाच सांगते, माझं अक्षर वाईट आहे आणि शुद्धलेखनाच्या चुका होतील. मी चौथीपर्यंत शिकले, त्यातला निम्मा वेळ कापूस वेचण्यात गेला. ऱ्हस्व-दीर्घ तेव्हा कळलं नाही, आता पंचेचाळिसाव्या वर्षी कळेल असं वाटत नाही. ही वही मी कोणाला दाखवणार नाही, तरी माफी मागून ठेवते. सवय आहे. माझा पाय चुकून कोणाच्या चपलेवर पडला तर मी चपलेचीसुद्धा माफी मागते, असं सुपडाअक्का म्हणायची.

सुपडाअक्का माझी शेजारीण. जळगावजवळ असोद्यात आमच्या दोघींच्या घरांमध्ये एकच भिंत होती, तीसुद्धा एका विटेची. तिला जाऊन सव्वा महिना झाला. धुळ्याला तिच्या मुलीकडे मी दहाव्याला गेले होते. जावई हात जोडून म्हणाले, "अक्कांबद्दल कोणाला दोन शब्द बोलायचे असतील तर बोला." एकेक जण उठला. कोणी म्हणालं, माऊली होत्या. कोणी म्हणालं, तोंडातून कधी वाकडा शब्द आला नाही. एक गृहस्थ म्हणाले, त्यांनी आयुष्यात कोणाला दुखावलं नाही. मी मागे खांबाला टेकून पदर तोंडात धरून बसले होते. बायकांना वाटलं मी रडते आहे, एकीने पाणी आणून दिलं. मला हसू आवरत नव्हतं. तिने कोणाला दुखावलं नाही? मला तर ती रोज सकाळी सात वाजता दुखवायची, भिंतीवर लाटणं आपटून.

जावयांनी माझ्याकडेही पाहिलं. मी मान खाली घातली. बोलायचं राहून गेलं, म्हणून लिहिते आहे.

सुपडा हे नाव तिला कसं पडलं, ते ती प्रत्येक नव्या माणसाला सांगायची. तिच्या आईची आधीची तीन मुलं गेली होती. ही झाली तेव्हा हिला सुपात घालून उकिरड्यावर ठेवलं. नजर लागू नये, देवाला वाटावं की ही कोणाला नकोच आहे. मग शेजारणीने जायचं, "अगं बाई, हे काय पडलंय?" म्हणून उचलायचं आणि आईने ते सव्वा रुपयाला विकत घ्यायचं. आमच्याकडे अशी सुपडू, सुपडाबाई पुष्कळ आहेत. पण अक्काच्या बाबतीत शेजारीण दळण करत बसली आणि उचलायला यायचं विसरली. "अर्धा तास उकिरड्यावर होते," अक्का सांगायची. "कोंबड्यांनी पाहिलं, कुत्र्याने पाहिलं. कोणीच नेलं नाही. तेव्हाच समजलं, आता आपल्याला कोणी नेत नाही."

तिचं माहेर धुळ्याकडचं, बोली अहिराणी. आमच्या असोद्याची बोली वेगळी. ती भांडायला लागली की मला निम्मंच कळायचं, आणि तेवढं पुरायचं. तिचं सगळं बोलणं मला तसंच्या तसं लिहिता येणार नाही. माझ्या भाषेत लिहिते, कुठे कुठे तिचं तसंच ठेवते.

अंगाने बुटकी, कपाळावर गोंदण, नऊवारी नेसायची. दोन्ही हातांवर कोपरापर्यंत भाजल्याचे छोटे छोटे डाग होते. ती मांडे करायची. लग्नात आणि आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लोक तिला लांबून बोलवायला यायचे. पुरण भरलेला सैल गोळा ती हातांवर घ्यायची, या हातावरून त्या हातावर टाकत टाकत वाढवायची. बघता बघता तो कोपरापर्यंत पसरून रुमालासारखा लोंबायला लागायचा, मग चुलीवरच्या पालथ्या खापरावर अलगद टाकायची. हे सगळं करताना तिचं तोंड बंद नसायचं. कोणाची सून कशी आहे ते मांडा खापरावर पडेपर्यंत सांगून व्हायचं.

तिचा नवरा कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होता, तो लवकर गेला. एक मुलगी धुळ्याला दिलेली. एक मुलगा पुण्याला कंपनीत होता, भगवान. त्याचा रस्त्यावर अपघात झाला आणि ते अक्काला फोनवर कळलं. त्याबद्दल ती बोलायची नाही. पण तेव्हापासून तिचा मोबाईल तुरीच्या डाळीच्या डब्यात असायचा. वाजला की डब्यातून घुसमटलेला आवाज यायचा आणि अक्का जागच्या जागी थांबायची. मग भिंतीवर थाप मारायची. "ये व, बघ कोण मेलं."

मला फोनवर बोलायची लाज वाटायची. कोणाशी काय बोलायचं ते सुचायचं नाही. पण ती फोनला हात लावत नव्हती, म्हणून मला डाळीत हात घालून फोन काढावा लागायचा. बहुतेक वेळा कोणी मेलेलं नसायचं. लग्नाचं काम असायचं, पाचोऱ्याचं नाहीतर भडगावचं. मी फोनवर हात ठेवून सांगायचे, "अक्का, दोनशे मांडे सांगताहेत." ती लगेच माणसात यायची. "दोनशे? मजुरी विचार. आणि लाकडं त्यांची म्हणावं." अशी मी फोनवर बोलायला शिकले. माझ्या हाताला डाळीचा वास यायचा.

एका उन्हाळ्यात मोठं वादळ झालं, अक्काच्या घरावरचे पत्रे उडाले. सकाळी आम्ही बघायला गेलो तर ती उघड्या घरात स्टोव्हवर चहा ठेवून बसलेली. म्हणाली, "बरं झालं. आता वाळवण घालायला बाहेर जायला नको." चहा पिऊन ती पत्रे शोधायला निघाली. चारातले तीन पत्रे गावाबाहेर एका केळीच्या बागेत सापडले. बागेचा मालक नाना आधीच डोक्याला हात लावून बसला होता. तो म्हणाला, "अक्का, तुझ्या पत्र्यांनी माझी आठ झाडं कापली. भरपाई दे."

अक्का म्हणाली, "तुझ्या बागेने माझे पत्रे अडवले. नाहीतर ते थेट घरी येत होते."

"पत्रे घरी कसे येतील?"

"तू अडवल्यावर कसे येतील?"

एवढं बोलून झाल्यावर दोघं बांधावर बसले. नानाची बाग पूर्ण आडवी झाली होती. थोड्या वेळाने तो रडायला लागला. अक्का त्याच्याजवळ बसून राहिली. मी लांब उभी होते, मला कळेना जावं की थांबावं. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "झालं का? मग आता उठ, पत्रे उचलू लाग." त्याने पत्रे उचलायला हात तर लावलाच, वर पडलेला एक केळीचा घडही दिला. घरी येताना अक्का म्हणाली, "माणूस चांगला आहे. पण भरपाई मागतो."

"झालं का" हे तिचं ठरलेलं होतं, कारण तिची रडायची वेळही ठरलेली होती. ती पुरणाची डाळ कुकरला लावायची आणि दार लोटून घ्यायची. भिंतीतून मला सगळं ऐकू यायचं. पहिल्या शिट्टीपासून चौथ्या शिट्टीपर्यंत ती रडायची, मोठ्याने, नावं घेऊन. चौथी शिट्टी झाली की गॅस बंद, नाक शिंकरणं, आणि दार उघडून कोणाला तरी ओरडणं. मी एकदा भीत भीत विचारलं, चारच का. ती म्हणाली, "पाचवी झाली की डाळीचा लगदा होतो. पुरण बिघडलं तर मजुरी कोण देईल, भगवान?"

तिने त्याचं नाव माझ्यासमोर घेतलेलं तेवढंच.

आता माझं थोडं लिहावं लागेल, त्याशिवाय अठरा हजार कळणार नाहीत.

माझे मिस्टर जळगावला डाळ मिलमध्ये होते. एका पावसाळ्यात तापाने आजारी पडले, दवाखान्यात आठ दिवस होते आणि गेले. दवाखान्याचं बिल भरायला अठरा हजार कमी पडत होते. ते अक्काने दिले. कुठून आणले हे तिने सांगितलं नाही, पण तिच्या गळ्यातली सोन्याची पोत त्यानंतर दिसली नाही.

मग मी खाटेवर पडले. मला आजार कोणताच नव्हता. पण छातीत सारखी धडधड व्हायची, हातपाय गार पडायचे, वाटायचं आता मी पण मरणार. दाराबाहेर पाऊल टाकलं की जमीन हलल्यासारखी वाटायची. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, त्या घेतल्या, थोडा गुण आला, पण उठावंसं वाटेना. बायका येऊन बसायच्या, डोक्यावरून हात फिरवायच्या आणि म्हणायच्या, बिचारी. मी अजून झोपायचे.

अक्काने पंधरा दिवस काही म्हटलं नाही. भाकरी आणून ठेवायची आणि जायची. सोळाव्या दिवशी सकाळी सात वाजता भिंतीवर लाटणं आपटलं. "माझे अठरा हजार उठले का?"

मी गोधडी डोक्यावर ओढली.

"ऐकू येत नाही का? माझे अठरा हजार झोपले की मेले? मेले असतील तर सांग, मी रडायला डाळ लावते."

मला इतका राग आला की मी उठून बसले. फक्त बसले. पण बसले.

दुसऱ्या दिवशी, "माझ्या अठरा हजारांनी अंघोळ केली का?" तिसऱ्या दिवशी ती आत आली, माझ्या हातात परात दिली आणि म्हणाली, "पैसे तुला फेडायचे आहेत. तुझ्याकडे दुसरं काही नाही, हात आहेत. पीठ तिंब." मी म्हटलं, माझे हात थरथरतात. ती म्हणाली, "चांगलं आहे. पीठ आपोआप तिंबलं जाईल."

पाचोऱ्याहून माझा भाऊ आला. त्याचं धान्याचं दुकान आहे, हात सैल आहे. त्याला हे कळलं तेव्हा तो अक्काकडे गेला आणि अठरा हजार मोजून तिच्यापुढे ठेवले. "घ्या अक्का. आणि माझ्या बहिणीला रोज सकाळी छळू नका."

अक्काने पैशांना हात लावला नाही. "तुला कधी दिले होते मी?"

"तिला दिले ते माझ्याकडून घ्या."

"मी तुझ्याकडून घेतले की ती परत झोपेल. घेऊन जा."

भाऊ माझ्याकडे येऊन म्हणाला, "म्हातारीला वेड लागलंय." मलाही तसंच वाटलं. मी त्या दिवशी तिच्याशी बोलले नाही. तिला ते समजलंच नाही, कारण एरवीही मी बोलत नव्हते.

मजुरीतून महिन्याला पाचशे कापायचे असं ठरलं. पहिले पाचशे कापले त्या दिवसापासून माझं नाव बदललं. "ए साडेसतरा, सरपण आण." पुढच्या महिन्यात, "सतरा हजार कुठे गेली?" गावातल्या बायकांनाही सवय झाली. दळणाच्या गिरणीत कोणीतरी म्हणायचं, सोळा हजारांचा डबा आधी घ्या. मला लाज वाटायची. पण मी एक पाहिलं, मला बिचारी म्हणणं सगळ्यांनी सोडून दिलं होतं.

मांडा शिकायला मला वर्ष लागलं. भीतीने मी श्वास धरून ठेवायचे, हात थांबायचे, आणि हात थांबला की मांडा फाटतो. भडगावच्या एका लग्नात पहिल्यांदा अक्काने मला सगळ्यांसमोर खापरापुढे उभं केलं. नवऱ्या मुलाची मावशी स्टूल टाकून समोरच बसली होती. मी गोळा हातावर घेतला, वाढवला, आणि खापरावर टाकताना तो मधून टरकन फाटला. मावशी म्हणाल्या, "हे काय, चाळणी करायला बोलवलंय का हिला?"

माझी धडधड सुरू झाली. वाटलं, इथेच पडणार. अक्काने शांतपणे तो मांडा भाजून काढला, घडीवर घडी घातली. फाटलेलं सगळं आत गेलं. वर तूप सोडलं आणि ताट मावशींच्या हातात दिलं. "तुम्ही मानाच्या. पहिला तुमचा."

मावशींनी खाल्ला. म्हणाल्या, पुरण छान आहे.

अक्का माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "फाटलं तर घडीत जातं. मांडा काय उलगडून खातात का? हात थांबू देऊ नको." त्या दिवशी मी चाळीस मांडे केले. नऊ फाटले. ते नऊच्या नऊ अक्काने मुलाकडच्या पंगतीत वाढले.

माझं देणं हजारावर आलं तेव्हा अक्काला लकवा झाला. उजवी बाजू गेली, तोंड थोडं वाकडं झालं. मुलगी येऊन तिला धुळ्याला घेऊन गेली. गाडीत बसवताना अक्का मला म्हणाली, "हजार राहिले." बोलणं अडखळत होतं, पण हे स्पष्ट होतं.

जावयांनी फोनवर सांगितलं, पैसे मोबाईलवरून पाठवून द्या. मागून अक्काचा आवाज आला, "मोबाईलमध्ये मला मोजता येत नाहीत. हातात दे."

आता पंचाईत. मी एकटी बसने कधी कुठे गेले नव्हते. भडगाव, पाचोरा, सगळीकडे अक्काच्या मागे मागे. एका सोमवारी मी जळगावच्या स्टँडवर गेले. धुळ्याची गाडी लागली. गर्दी, हॉर्न, धूर. छातीत धडधड सुरू झाली, पायरीवर ठेवलेला पाय मी खाली घेतला आणि असोद्याला परत आले. त्या दिवशी फोन आला. "ए हजार, कुठे अडकली?"

मी खोटं बोलले, म्हटलं गाडी चुकली.

"व्याज लागेल," ती म्हणाली. मग म्हणाली, "किती शिट्ट्या झाल्या?"

मी खरं सांगितलं. "एकपण नाही. पायरीवरूनच परत आले."

"मग डाळ कच्चीच शे," अक्का म्हणाली आणि फोन मुलीकडे दिला.

मी घरी बसून शिट्ट्यांचा हिशोब केला. पाळधी एक, एरंडोल दोन, पारोळा तीन, धुळे चार. पुढच्या सोमवारी मी पुन्हा गेले. पायरीवर पाय ठेवला तेव्हा धडधड होतीच, ती माझ्याबरोबरच गाडीत चढली. कंडक्टरला दोनशेची नोट दिली. बायकांच्या अर्ध्या तिकिटाचे पैसे घेऊन त्याने सुट्टे दिले, त्यात शंभराची नोट मधोमध फाटलेली, वर चिकटपट्टी. मी पाहिली. बदलून द्या म्हणायला तोंड उघडलं आणि बंद केलं. अक्काला द्यायच्या दहा नोटांपैकी नऊ मी घरून आणल्या होत्या. दहावी आता हीच.

पाळधी गेलं. एरंडोलला घाम आला, खिडकी उघडली. पारोळ्याला शेजारच्या बाईने शेंगा दिल्या, मी खाल्ल्या. धुळ्याला उतरले तेव्हा जमीन हलत नव्हती.

अक्का गेली त्या दिवशी बातमीचा फोन मीच उचलला. मी डाळ लावली आणि दार लोटून घेतलं. सहा शिट्ट्या झाल्या. डाळीचा लगदा झाला, तो मी दोन दिवस आमटी करून खाल्ला. पण मला वही तिथे थांबवायची नाही. त्या सोमवारी ती मला दिसली, तेच लिहून थांबते. त्यानंतर मी तिला पाहिलं नाही.

ती खिडकीपाशी खाटेवर उशीला टेकून बसली होती. खूप बारीक झाली होती. फोन डाळीच्या डब्यात नव्हता, तिच्या डाव्या हाताशी होता. मुलगी म्हणाली, सकाळपासून स्वतः उचलतेय, तुमचा येईल म्हणून.

मला पाहून अक्का म्हणाली, "एकलीच उनी?"

मी मान हलवली.

"मागे कोणी नही?"

"कोणी नाही."

ती माझ्या पायांकडे बघत राहिली, मग हात पुढे केला. "आण."

मी नोटा दिल्या. ती डाव्या हाताने मोजायला लागली. एकेक नोट मांडीवर ठेवायची, अंगठ्याने सरळ करायची. मुलगी मदतीला आली तर तिला डोळ्यांनीच मागे सारलं. नऊपर्यंत बराच वेळ लागला. दहावी हातात आली आणि ती थांबली. नोट उजेडात धरली. अर्धं तोंड वाकडं होतं, तरी तिचा भांडायचा चेहरा मला ओळखू आला.

"ही कोणी दिली?"

"कंडक्टरने."

"आणि तू घेतली? बोलली नाही?"

"नाही."

"फाटकी नोट मी का घेऊ? बदलून आण. तोवर शंभर राहिले म्हणते मी."

तीन वर्षांत मी तिला एकदाही उलट बोलले नव्हते. तोंडातून कसं निघालं मला माहीत नाही.

"अक्का, घडीत जाईल."

तिने माझ्याकडे पाहिलं. मग तोंडाची एक बाजू हसली, दुसरीने प्रयत्न केला. फाटकी नोट तिने नऊ नोटांच्या मधे घातली, डाव्या हाताने मांडीवर दाबून घडी केली, आणखी एक घडी केली आणि कमरेला खोचली.

"बठ्ठं फिटी गयं," ती म्हणाली. सगळं फिटलं.

मी उगाच पदर सारखा करत उभी राहिले. आता हाक कशी मारावी असा तिला प्रश्न पडलेला दिसला. कपाळाला आठ्या घालून, आठवत नसल्यासारखं करून तिने विचारलं, "काय व नाव तुनं?"

"निर्मला."

"हां," अक्का म्हणाली. "निर्मला, चहा टाक. साखर मोजून टाकू नको."